पुनरागमन केलेल्या अभिनेत्रीवर टिपण कसे लिहावे
इंदुरातल्या आपल्या मराठी मंडळात या विषयावर बोलायचे असल्यास चित्रपटाच्या चित्रीकरणाचा काळ आणि प्रदर्शनाचे वर्ष आधी वेगळे करावे. श्रीदेवी यांचा ‘जुदाई’ १९९७ चा आणि ‘इंग्लिश विंग्लिश’ २०१२ चा; मधे २००४ मध्ये ‘मेरी बीवी का जवाब नहीं’ प्रदर्शित झाला खरा, पण तो अनेक वर्षे रखडलेला चित्रपट असल्याने त्याला पुनरागमन म्हणू नये. त्याच सुमारास त्यांनी दूरचित्रवाणीवर ‘मालिनी अय्यर’ ही मालिका केली, हेही नोंदवावे.

मग भूमिकेकडे वळावे. ‘इंग्लिश विंग्लिश’मधली श्रीदेवींची लाडू वळणारी पुण्याची शशी गोडबोले न्यूयॉर्कच्या कॅफेत कॉफी मागताना गांगरते, तो प्रसंग एकदा आवाज बंद ठेवून पाहावा. मला तरी त्यांच्या अभिनयाची ताकद तिथेच सर्वाधिक जाणवते.