आधी पाठ टेकवायला शिका, व्हिलन नंतर व्हा

सोलापूर आणि आसपासच्या पोरांचे मेसेज येत असतात, दादा प्रो रेसलिंगमध्ये (टीव्हीवरची ती WWE टाइप) यायचंय, आणि हिरो नाही, व्हिलनच व्हायचंय. हील म्हणजे व्हिलन, बेबीफेस म्हणजे हिरो, निकाल आधीच ठरलेला असतो, हे सगळं तुम्हाला माहितीये, ते परत सांगत बसत नाही. मला जे कुणी सांगितलं नाही आणि ज्यापायी माझं डाव्या खांद्याचं कॉलरबोन मोडलं तेवढं सांगतो.

मी तालमीतला. नऊ वर्षं माती खाल्ली आणि नऊ वर्षं वस्तादांनी एकच गोष्ट अंगात ठोकून बसवली, पाठ वाचव. समोरच्यानं ढाक मारली, उचलला, काहीही झालं तरी हवेतल्या हवेत वळायचं आणि पोटावर पडायचं, कारण पाठ टेकली की चितपट, विषय संपला. आणि प्रो रेसलिंगचा पहिला धडा काय, तर पाठीवर पड. स्वतःहून, मुद्दाम, दिवसातनं पन्नास वेळा. त्याला बंप म्हणतात.

मला वाटलं आपण मातीतले, आपल्याला काय अवघड. उत्तरेतल्या एका अकॅडमीत फी भरून गेलो (नाव घेत नाही). दुसऱ्याच आठवड्यात एका सीनियरनं बॅक बॉडी ड्रॉप दिला, म्हणजे मी दोरावरनं पळत आलो, तो खाली वाकला आणि मला पाठीवरनं उलटा फेकला. डोक्याला माहीत होतं की पाठीवर पडायचंय. अंगाला माहीत नव्हतं. अंग वळलं आणि सगळं वजन घेऊन खांद्यावर आलो. कट्‌ असा आवाज आला, मला वाटलं रिंगची फळी मोडली.

म्हणून नीट ऐका, हे मी दोनदा सांगणार आहे. हनुवटी छातीला चिकटवायची, नाहीतर डोक्याची मागची बाजू आपटते. पाठीचा वरचा भाग आधी टेकला पाहिजे, माकडहाड नाही. हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात सपाट आपटायचे. श्वास बाहेर सोडायचा. हात मागे टेकवून सावरायला जायचं नाही, कोपर तर नाहीच नाही. आता परत: हनुवटी आत, हात मागे नाही. तालमीतल्या पोरांनी तर महिनाभर नुसतं उकिडवं बसून मागे पडायचं, मग उभं राहून, आणि कुणी "तू पैलवान आहेस, डायरेक्ट फेकतो" म्हणाला तर बॅग उचलून सरळ घरी. रिंग मऊ असते हा पण गैरसमज काढा. लोखंडी बीम, वर प्लायवूडच्या फळ्या, पातळ फोम आणि कॅनव्हास, एवढंच असतं. दोर तर बरगड्यांवर आठवडाभर काळेनिळे वळ ठेवतात.

व्हिलनला हे जास्त आलं पाहिजे कारण पडायचं काम त्याचंच. हिरो फेकतो, आपण पडतो, लोक हिरोला टाळ्या देतात. आणि हवेत असताना तुम्ही वळलात तर तुमचा खांदा जाईलच पण समोरच्याची पकड सुटून त्याचा गुडघा पण जाईल. जुन्या काळातला व्हिलन आयर्न शेख बघा. इराणचा खरा कुस्तीगीर होता तो, त्याला धरून चितपट करणारे थोडेच असतील. २६ डिसेंबर १९८३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब बॅकलंडकडनं WWF चं (आताची WWE) टायटल घेतलं आणि २३ जानेवारी १९८४ ला तिथंच हिरो हल्क होगनसमोर पाठीवर पडला. महिना पण झाला नव्हता. होगन जगभर झाला तो त्या रात्रीपासून, पण खाली झोपलेला माणूस कच्चा असता तर ते जमलं नसतं असं माझं मत आहे, भांडायचं असेल तर भांडा.

शिव्या खायचं म्हणाल तर ते सोपंय. मी सोलापूर जिल्ह्यात पुणेकर म्हणून उतरायचो. माईक घ्यायचा, नाकाला रुमाल लावायचा आणि म्हणायचं, "पाणी चार दिवसाआड येतं ना तुमच्याकडं, वास येतोय." झालं, पाण्याचे पाऊच सुरू, एकदा तर कोल्हापुरी चप्पल आली, ती पण एकच पायाची. शेंगाचटणीला भुसा म्हणलं की म्हाताऱ्या बायका उठून उभ्या राहायच्या. पण देव, जात, महाराज आणि आयाबहिणी, इकडं तोंड पण वळवायचं नाही. तिथं लोक नाटक समजत नाहीत आणि समजू पण नये.

गुरू लोकांबद्दल स्पष्ट बोलतो. "फॉरेनची ट्रायआउट (निवड चाचणी) लावून देतो, तेवढे पैसे भर" म्हणणारा माणूस गुरू नाही, एजंट पण नाही. आणि यूट्यूब बघून घरच्या गादीवर सप्लेक्स (समोरच्याला उचलून मागं फेकायचा डाव) मारणाऱ्यांना मी काही बोलत नाही, त्यांच्याशी डॉक्टर बोलतील. पहिल्या शोचे मला बाराशे मिळाले, एसटी आणि जेवण जाऊन पाचशे उरले. हाडाचा खर्च घरच्यांनी केला. त्यामुळं दुखापत झाली तर पैसे कोण देणार हे रिंगमध्ये पाय ठेवायच्या आधी विचारा, आणि लाजू नका. एवढं ऐकून घाबरू पण नका बे, मी पाच महिन्यात परत उभा राहिलो आणि आता झोपेतनं उठवलं तरी सरळ पाठीवर पडतो.

हात गळ्यात बांधून गावाकडं आलो तेव्हा वस्तादांना गाडीवरनं पडलो असं सांगितलं. ह्या धंद्याला ते नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवलेली खोटी कुस्ती म्हणायचे, खरं सांगायची हिंमत नव्हती. त्यांनी खांदा चाचपला, मागं फिरवून पाठ बघितली, एक ओरखडा नव्हता.

"गाडीवरनं असं पडत नाहीत. कुणीतरी उचलून टाकलं न् तू वळलास."

मी गप्प.

"पाठ वाचवलीस की बे," म्हणले, आणि आत ओरडून माझ्यासाठी दूध मागवलं.