दुकानातली हिरवी भिंत, खानदेशच्या उन्हात टिकेल अशी

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी असते. पुण्या-मुंबईची हिरवी भिंत, म्हणजे सांगाड्यावर ओळीने कुंड्या लावून झाडांनी झाकलेली भिंत, इथे जशीच्या तशी उभारली तर पहिल्याच उन्हाळ्यात वाळते. खालचा हिशोब ३ मीटर रुंद, २ मीटर उंच भिंतीचा आहे. सराफी पेढीत किंवा कापड दुकानात गल्ल्यामागे एवढी पुरे होते.

जागा. दुकानाचे दिवे लावून मोबाइलच्या लक्स अ‍ॅपने भिंतीच्या वर, मध्ये आणि खाली उजेड मोजा. १,००० लक्सपेक्षा कमी भरला तर एलईडी वाढवा आणि रोज १० ते १२ तास टायमरवर चालवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. एसीचा झोत थेट भिंतीवर येऊ देऊ नका, पानांच्या कडा करपतात. बाहेरची पश्चिमेची भिंत शक्यतो सोडाच.

सांगाडा. भिजलेल्या कुंड्यांसह चौरस मीटरला साधारण ५० किलो, म्हणजे एकूण ३०० किलो वजन धरा. जिप्समच्या पार्टिशनला हे पेलत नाही. विटांची किंवा काँक्रीटची भिंतच हवी. तिला आधी वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, मग जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाच्या) चौकोनी पाइपचा सांगाडा ५० मिमी पोकळी ठेवून अँकर बोल्टने बसवा. तळाशी उतार असलेली पन्हळ लावून तिची नळी ड्रेनेजला जोडा.

कुंड्या. चार इंची सुमारे १६० लागतात. भरायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ६० टक्के, गांडूळखत २०, परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) २०. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुवा, त्यात क्षार असतात. आपली काळी माती शेतात सोन्यासारखी, पण इथे नको: वजन वाढते, आणि सुकली की आकसते, मग पाणी कडेने निसटून मुळांना मिळतच नाही.

पाणी. बहुतेक भिंती इथेच मरतात. वरची ओळ वाळते आणि खालची कुजते, कारण पंप बंद झाला की नळ्यांमधले पाणी खालच्या ड्रिपरमधून (थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीतून) गळत राहते. म्हणून प्रत्येक कुंडीला ताशी २ लिटरचा, दाब कमी होताच आपोआप बंद होणारा ड्रिपर घ्या. ठिबकच्या दुकानात तसे सांगून मागा; केळीच्या पट्ट्यात ठिबकचे जाणकार गावोगाव भेटतात. १६० ड्रिपरमधून मिनिटाला सुमारे ५ लिटर पाणी जाते. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ २-२ मिनिटे म्हणजे दिवसाला साधारण २१ लिटर. पावसाळ्यात एकच पाळी ठेवा. शंभर लिटरची टाकी, छोटा पंप आणि १२० मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर पुरतो. टायमर बॅटरी बॅकअपचाच घ्या, नाहीतर वीज गेली की वेळा पुसल्या जातात.

बोअरचे पाणी जड असेल तर पानांवर आणि ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. महिन्यातून एकदा १५ मिनिटे सलग पाणी सोडून क्षार धुऊन काढा. आरओचे टाकाऊ पाणी अजिबात वापरू नका.

रोपे. वरच्या ओळींत स्पायडर प्लांट आणि मनी प्लांट, मध्ये फिलोडेंड्रॉन, खाली सिंगोनियम. फर्न मोहात पाडतात, पण मे महिन्याच्या कोरड्या हवेत टिकत नाहीत. लागवड जुलै-ऑगस्टमध्ये करा आणि भिंतीवर चढवण्याआधी रोपे महिनाभर सावलीत त्याच कुंड्यांत रुजू द्या. १५-२० जादा कुंड्या मागे तयार ठेवा. दर सोमवारी प्रत्येक ओळीतल्या दोन कुंड्यांत बोट घालून ओल बघा. कोरडी लागली तर आधी तिथला ड्रिपर उघडून साफ करा, पाण्याची वेळ वाढवणे नंतर.