मुंबई बंदरात विंग फॉइलिंग: वारा, पाणी आणि सुरक्षितता

मुंबई बंदरात विंग फॉइलिंगसाठी (हातात विंग म्हणजे हवा भरलेले शीड धरून, खाली फॉइल म्हणजे पाण्यातील पंखासारखी पाती जोडलेल्या बोर्डवरून पाण्यावर तरंगत जाण्याचा खेळ) पावसाळा सरल्यानंतरचे महिने निवडावेत, आणि सकाळचे मतलई वारे बहुधा क्षीण असल्याने दुपारी वायव्येकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांची वाट पाहावी. नवशिक्याला १२ ते १८ नॉट (ताशी सुमारे २२ ते ३३ किलोमीटर) वारा पुरतो. मात्र गेटवेच्या बाजूने उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की हाच वारा तेथे जमिनीकडून पाण्याकडे वाहतो आणि त्याला ओहोटीची जोड मिळाली, तर बोर्डवर उभे राहता न येणारा माणूस पाहता पाहता लाँच आणि जहाजांच्या मार्गात जाऊन पोचतो. म्हणून क्लबची बचाव-बोट पाण्यात नसताना उतरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीतील फरक चार मीटरहून अधिक होऊ शकतो. फॉइलचा मास्ट (बोर्ड व फॉइल यांना जोडणारा उभा दांडा) साधारण ७५ ते ९० सेंटिमीटर असल्याने किमान दीड मीटर खोल पाण्यातच बोर्डवर चढावे. गढूळ पाण्यात खडक दिसत नाहीत.

हेल्मेट, इम्पॅक्ट व्हेस्ट (आघात झेलणारे जाड जाकीट), शिट्टी, तसेच बोर्ड व विंग या दोन्हींचे लीश (अंगाला जोडून ठेवणाऱ्या दोऱ्या) अनिवार्य समजावेत. तोल गेल्यास फॉइलपासून दूर अंग टाकावे. वारा पडल्यास बोर्ड कधीही सोडू नये. त्यावर पालथे पडून हातांनी वल्हवावे किंवा दोन्ही हात वर-खाली हलवून मदत मागावी.