आई-बाबांना रात्रीच्या लांबच्या फ्लाईटने पाठवताय? हादऱ्यांची तयारी बडोद्यातच करून घ्या

आपल्या बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांमधली मुलं आता न्यू जर्सी, टोरंटो, लंडन अशी पांगलीयेत, आणि मग कधीतरी आई-बाबा दोघंच निघतात. व्हिसा, इन्शुरन्स, भाकरवडी, लिलो चिवडा, नातवाचं सोन्याचं बदाम, सगळ्याची यादी होते पण रात्री दोन-तीनला सगळे झोपलेले असताना विमान गदगदा हलायला लागलं तर काय करायचं हे त्यांना कुणी सांगतच नाही. म्हणून ही यादी. ही बॅगेत भरायची कमी आणि घरी बोलून, करून घ्यायची जास्त आहे.

पहिलं काम बोलायचं, आणि ते निघायच्या दिवशी नाही तर निदान पंधरा दिवस आधी, चहा घेताना वगैरे. सरळ सांगायचं, "आई, विमान हलणार, कधी थोडं कधी जोरात, पट्टा आहे ना कमरेला, मग बसून राहायचं." विमान हललं म्हणजे काहीतरी बिघडलं असं त्यांना वाटतं, खरी भीती तिथे असते. पस्तीस-चाळीस हजार फुटांवर जेट स्ट्रीम म्हणून जोराच्या वाऱ्याचे पट्टे असतात, त्याच्या कडेला वेगवेगळ्या वेगाची हवा एकमेकांना घासते आणि विमान त्यातून जाताना हलतं, आकाश स्वच्छ असलं तरी. त्याला क्लिअर एअर टर्ब्युलन्स म्हणतात आणि तो विमानाच्या रडारवर दिसत नाही कारण रडारला पाणी दिसतं, म्हणजे ढग आणि पाऊस, नुसती हवा नाही, त्यामुळे कधीकधी पट्ट्याचा दिवा लागायच्या आधीच धक्का बसतो. बाबांसारख्या माणसांना आकडे दिले की जास्त पटतं, त्यांना सांगा की बोइंग कंपनीने २०१० साली त्यांच्या ७८७ या विमानाचे पंख मुद्दाम वाकवून बघितले, उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा ताण येईल असं धरतात त्याच्या दीडपट ताण दिला, पंख साधारण २५ फूट वर वाकले आणि टिकले. खिडकीतून पंख हलताना दिसला तर तो हलायलाच बनवलाय.

आता जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर आपल्याकडे सगळ्यांच्याच मनात धास्ती आहे, बडोद्यातली पण माणसं गेली त्यात, तेव्हा "काही होत नाही गं" म्हणून विषय उडवू नका. ऐकून घ्या. मग एवढंच सांगा की ते विमान उड्डाण केल्या केल्याच पडलं, त्याचा हवेतल्या हादऱ्यांशी संबंध नव्हता.

आणि पट्ट्याच्या बाबतीत खरं काय ते पण सांगाच. हादऱ्यांमध्ये विमान सहसा सुखरूप राहतं, लागतं ते पट्टा न लावलेल्या माणसांना. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर असताना असंच हादरलं, एक प्रवासी गेले, कितीतरी जखमी झाले, विमान बँकॉकला उतरवावं लागलं. प्राथमिक चौकशीत निघालं की विमान खाली आलं ते फक्त १७८ फूट, पण अंगाला सीटकडे खाली खेचणारी ओढ एका सेकंदाहूनही कमी वेळात उलटी झाली आणि ज्यांचे पट्टे सुटे होते ती माणसं सीटवरून वर फेकली गेली. म्हातारपणी हाडं आधीच ठिसूळ, त्यामुळे माझ्या मते या अख्ख्या यादीतली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा: दिवा बंद असला तरी पट्टा लावलेला, झोपेत सुद्धा.

नुसतं सांगून भागत नाही, सराव लागतो. गाडीचा पट्टा बाजूचं बटण दाबून सुटतो, विमानाचा बकल मधोमध पुढे येतो आणि त्याची धातूची पट्टी वर उचलावी लागते, अंधारात घाबरलेलं माणूस सवयीने कमरेच्या बाजूला बटण शोधत बसतं. आईला फोटो दाखवा, व्हिडिओ दाखवा, आणि बडोद्याच्या हरणी विमानतळावरून मुंबई किंवा दिल्लीची फ्लाईट घेणार असाल तर त्या छोट्या फ्लाईटमध्ये डोळे मिटून चार-पाच वेळा लावायला-सोडायला लावा. पट्टा पोटावर नाही तर खाली, मांड्या सुरू होतात तिथे कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे आणि घट्ट. साडी असेल तर निऱ्यांच्या गोळ्यावर पट्टा सैल राहतो आणि पदरात बकल हरवतं, म्हणून पंजाबी ड्रेस बरा, ऐकत नसतील तर मऊ सुती साडी आणि पदर आधी खोचून मग पट्टा. शाल किंवा ब्लँकेट पट्ट्याच्या खाली घ्यायचं, बकल वर दिसलं पाहिजे, म्हणजे रात्री एअर होस्टेस बघायला आली की ती पट्टा दिसल्यावर उठवत नाही. झोप मोडत नाही.

सीट पंखाच्या आसपासची घ्या, तिथे कमी हलतं, सगळ्यात जास्त मागे. टॉयलेटला उठायला आईलची, म्हणजे मधल्या वाटेच्या कडेची बरी. अगदी पहिली रांग पाय लांब करायला छान वाटते पण तिथे समोर सीट नसते, पायाशी पिशवी ठेवता येत नाही, ती नकोच, पैसे देऊन तर अजिबात नको.

कारण पिशवी पायाशी हवीच. दिवा लागला की तास-तासभर उठता येत नाही आणि गोळ्या जर वरच्या कप्प्यात असतील तर झालं! म्हणून एक छोटी कापडी पिशवी करा, तिच्यात दोन दिवसांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चष्मा, कवळीची डबी, रुमाल, आलेपाक, एक-दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या (उलटीची कागदी पिशवी समोरच्या खिशात असते, पण ती नसली किंवा भिजली तर) आणि मोबाईलला वायरवाले हेडफोन. मोबाईलमध्ये रामरक्षा, नाट्यसंगीत, जे काय त्यांना आवडतं ते डाउनलोड करून, इंटरनेट लागणार नाही असं. कानाचं मशीन असेल तर ते झोपताना काढतात आणि मग अनाउन्समेंट ऐकूच येत नाही, तेव्हा एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून द्या की ऐकायला कमी येतं, दिवा लागल्यावर हात लावून सांगा, आणि ती चढल्या चढल्या क्रूला द्यायची. वरच्या कप्प्यात स्टीलचे डबे, लोणच्याच्या बरण्या नको, कप्पा उघडला की डोक्यावर येतात, ते सगळं चेक-इनमध्ये.

खाणं हलकं, पण उपाशी पोटी नको, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. खाखरा, साधा भात, केळं. तळलेलं-तिखट घरून निघायच्या दिवसापासूनच बंद. दुबई-अबुधाबीवरून जाणार असाल तर एक आत्ताच बघा, तिकडे खसखस चालत नाही, कायद्याने बंदी आहे, म्हणजे अनारसे, खसखस घातलेले लाडू काढून ठेवा, बॅगेत कशातच नको.

मळमळीच्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅव्होमिन वगैरे, आपल्याकडे सगळे सहज घेतात, पण झोप आणतात आणि म्हाताऱ्या माणसांना भोवळ पण आणतात, प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. डॉक्टर हो म्हणाले तर आधी एकदा घरी देऊन बघा कशी लागू पडते ते. झोपेची गोळी मात्र नको, लांबच्या प्रवासात पाय हलवत राहावं लागतं, पाणी पीत राहावं लागतं, आणि गुंगीत उठलेलं माणूस आईलमध्ये पडतं.

प्रत्यक्ष हलायला लागलं की काय करायचं ते तोंडपाठ करून घ्या. पट्टा अजून ओढायचा, पावलं जमिनीवर, डोकं मागे टेकवून, मोबाईलमध्ये बघायचं नाही, श्वास सोडताना हळूहळू लांब सोडायचा. समोर चहा असेल तर तो क्रूला परत द्यायचा, चहा-कॉफीने भाजतं. आईलमध्ये उभे असाल तर जवळची कुठलीही रिकामी सीट, ती नसेल तर खालीच बसायचं आणि सीटची दांडी धरायची, लाज वाटून घ्यायची नाही. टॉयलेटमध्ये असाल तर झाकण लावून त्यावर बसायचं, बाजूची कडी धरायची. बाबांना अजून एक करून बघायला सांगा: अर्धी भरलेली पाण्याची बाटली ट्रेवर ठेवायची आणि पाण्याकडे बघायचं, आपल्याला पोटात जेवढं जाणवतं तेवढं पाणी हलत नाही बऱ्याचदा, आणि एकदा ते बघितलं की हात जरा सैल होतात.

निघताना थकवा नको हे पण तयारीतच धरा. मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या बऱ्याच फ्लाईट मध्यरात्रीनंतर असतात, त्यासाठी सकाळच्या गाडीने जाऊन स्टेशनवर ताटकळण्यापेक्षा आदल्या दिवशी पोचून कुणाकडे तरी दुपारी झोप काढलेली बरी, दमलेल्या शरीराला हादरे दुप्पट लागतात. हवामानाची अ‍ॅप, टर्ब्युलन्सचे रंगीत नकाशे तुम्ही बघा पण त्यांना पाठवू नका.

महिना कुठला हे मात्र बघाच. पावसाळ्यात मुंबईतून वर चढताना ढगांमुळे हलतं, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी जेट स्ट्रीम सगळ्यात जोरात असतो. उत्तर अटलांटिकवर तर हे वाढलंय, रेडिंग युनिव्हर्सिटीच्या २०२३ च्या अभ्यासात १९७९ ते २०२० मध्ये तिथला जोराचा क्लिअर एअर टर्ब्युलन्स ५५ टक्क्यांनी वाढल्याचं निघालं. म्हणून परतीचं पण आत्ताच बघा, अमेरिकेहून पूर्वेकडे येताना विमानं वेळ वाचवायला त्याच वाऱ्याचा फायदा घेतात, आणि जानेवारीत परत येणार असतील तर मुलाला सांगून ठेवा की तिकडून निघताना पंखाजवळची सीट, ती कापडी पिशवी आणि तिच्यातल्या गोळ्या पुन्हा भरून द्यायच्या.