ग्रामपंचायत, नगरपालिकेला माल घालायचा तर

ग्रामपंचायतीत पुरवठा करायचा म्हणजे सरपंचाशी घसट हवी, या समजुतीवर धंद्यात उतरणारी पोरं दरवर्षी भेटतात. घसट असली की चहा मिळतो, कधीमधी ऑर्डरही मिळते. बिल मात्र कागदावरच निघतं, आणि ते कागद सरपंच सांभाळत नाही.

आमचा एलईडी पथदिवे जुळवण्याचा छोटा कारखाना आहे. त्याला जोड म्हणून टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर आणि पाणीपुरवठ्याचं किरकोळ साहित्य विकतो. गिऱ्हाईक म्हणजे ग्रामपंचायती, आसपासच्या नगरपंचायती आणि अधूनमधून जिल्हा परिषद. या अनुभवावर नवीन माणसाला पहिली गोष्ट सांगतो. समोर बसलेले भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, स्वतःच्या खिशातले पैसे खर्चत नाहीत, त्यामुळे 'स्वस्त देतो' म्हटल्यावर ते हुरळून जात नाहीत. त्यांच्या डोक्यात स्थानिक निधी लेखापरीक्षा असते. ऑडिट येतं वर्ष-दोन वर्षांनी. तोवर भाऊसाहेबांची बदली झालेली असते, सरपंचही बदललेला असतो. तरी ऑडिटर विचारतोच : मासिक सभेचा ठराव कुठाय, दरपत्रकं किती मागवली, तुलनात्मक तक्ता कुठाय, साठा नोंदवहीत नोंद आहे का? एक कागद कमी पडला की आक्षेप लागतो, आणि आक्षेप मिटला नाही तर वसुली भाऊसाहेबांच्या पगारातून. म्हणून ते चालढकल करतात तेव्हा दर कमी करत बसू नका. फाईलमध्ये काय कमी आहे ते विचारा.

आता बिलाचंच बघा. नवीन पुरवठादार लिहितो, 'इलेक्ट्रिक साहित्य, 1 लॉट', खाली रक्कम आणि सही. हे बिल टेबलावर पडून राहणार. आमच्या बिलावर दिवा किती वॅटचा, आयपी 66 (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) आहे का, सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या झटक्यापासून संरक्षण) किती केव्हीचं, नग किती आणि प्रत्येक नगाचा अनुक्रमांक असतो. सोबत वॉरंटीचं पत्र आणि डिलिव्हरी चलन. चलनावर माल घेणाऱ्याची सही, तारीख, शिक्का. पुरवठा आदेशात वस्तूचं जे वर्णन असेल तेच शब्दाला शब्द बिलात उतरवायचं. आदेशात 'पथदिवा' आणि बिलात 'फ्लड लाइट' असलं की लेखा विभागातला माणूस पेन खाली ठेवतो, आणि त्याचं बरोबरच असतं. आदेशाचा जावक क्रमांक, तारीख आणि ठराव क्रमांक बिलाच्या माथ्यावर टाका. एवढ्याने ऑडिटरचे निम्मे प्रश्न मिटतात, आणि पुढच्या वेळी भाऊसाहेब स्वतः फोन करतात.

दर देताना 'सर्व करांसह, वाहतूक व खांबावर बसवणीसह' की 'कर वेगळा' हे स्पष्ट लिहा. 18 जुलै 2022 पासून एलईडी दिव्यांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. त्या सुमारास ज्यांच्या दरपत्रकात 'करांसह' एवढंच होतं, त्यांचा सहा टक्क्यांचा फरक नफ्यातूनच गेला.

टीसीएलची तऱ्हा निराळी. माल स्वस्त, खप बारमाही, आणि चूक झाली तर थेट गावाच्या आरोग्याशी गाठ. ताज्या पोत्यात क्लोरीन तीस टक्क्यांच्या वर असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत 20 टक्क्यांच्या खाली नमुना आला की ग्रामपंचायतीला पत्र जातं आणि तुमचं नाव निघतं. वर्षाचा साठा एकदम उतरवून मोकळं व्हायचा मोह होतो, भाऊसाहेबही 'एकदाच टाका' म्हणतात. ऐकू नका. पावसाळ्याच्या तोंडावर ताजा माल द्या, पोत्यावरची उत्पादन तारीख दिसेल असा फोटो ठेवा, आणि जलसुरक्षकाला (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्याला) पोतं फळीवर, भिंतीपासून लांब ठेवायला सांगा. पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी, तोच करतो. पावडर चालते की नाही हे सगळ्यांत आधी त्यालाच कळतं, आणि त्याचा शब्द गावात चालतो.

पैसा कुठून येतो हे माहीत नसेल तर सगळं फिरणं फुकट. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातल्या निधीत 60 टक्के बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायचा), 40 टक्के अबंधित (गावाच्या इतर गरजांसाठी) अशी विभागणी होती. बंधितातला निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याच्या पाण्याला. म्हणजे पथदिव्यांसाठी बंधितातून पैसे मागणं व्यर्थ, आणि क्लोरिनेटरसाठी अबंधिताची वाट बघत बसणंही व्यर्थ. काम गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर निधी असूनही खर्च पडत नाही. आराखडा ग्रामसभेतून होतो आणि त्याची धावपळ 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. माहितीपत्रक घेऊन फिरायचं ते तेव्हा. मार्चमध्ये फिरणारा विक्रेता दुसऱ्याने पेरलेल्या शेतात उभा असतो.

जिल्हा परिषदेचा हिशेब वेगळा. सेसमधून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, समाजकल्याण, महिला बालकल्याण, दिव्यांग यांच्यासाठी ठरावीक हिस्सा राखून ठेवावा लागतो. पूर्वी त्यातून शिलाई मशीन, सायकली, पिठाच्या गिरण्या घाऊक खरेदी व्हायच्या आणि त्यावर कित्येक दुकानं उभी राहिली. 5 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयानंतर वैयक्तिक लाभाच्या वस्तूंऐवजी पैसे लाभार्थ्याच्या खात्यात जाऊ लागले. त्यामुळे अजूनही कोणी 'झेडपीची शिलाई मशीनची मोठी ऑर्डर आहे, पार्टनर हो' म्हणालं तर दोनदा विचार करा. ते गिऱ्हाईक आता दुकानात येऊन स्वतः मशीन घेतं.

छोट्या रकमेची खरेदी दरपत्रकांवर होते, मोठीला ई-निविदा लागते. राज्याची खरेदी कार्यपद्धती 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयात आहे. रकमेच्या मर्यादा पुढच्या निर्णयांनी बदलतात, म्हणून कार्यालयातून चालू मर्यादेचा कागदच मागून घ्या. इथे एक घाणेरडी सवय सांगायला हवी : एकाच माणसाने तीन लेटरहेडवर तीन दरपत्रकं देणं. 'सगळे करतात' असं तुम्हालाही सांगतील. तिन्ही पत्रांवर एकच फॉन्ट, एकच शुद्धलेखनाची चूक, आणि दोन फर्मचे जीएसटी क्रमांक एकाच पत्त्यावर. ऑडिटर आंधळा नसतो. तक्रार झाली तर ती बनावट कागदपत्रांची होते.

ई-निविदेसाठी महाटेंडर्स या राज्याच्या निविदा संकेतस्थळावर नोंदणी आणि क्लास 3 डिजिटल सही लागते. तांत्रिक लिफाफा आधी उघडतो, त्यात पास झालात तरच दराचा. दराची एक्सेल फाईल संकेतस्थळावरून उतरवलेलीच वापरायची, तिचं नाव बदलायचं नाही, दर भरायचा आणि तशीच चढवायची. बयाणा रक्कम (निविदेसोबतची अनामत) एनईएफटीने भरत असाल तर चलनावरची रक्कम रुपयानिशी जुळली पाहिजे, आणि शेवटच्या दिवसावर हे ठेवू नका, पैसे पोचायला वेळ लागतो. रोज शुद्धिपत्रक बघा. अटी मधेच बदलतात आणि फोन करून कोणी कळवत नाही.

उद्यम (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी) नोंदणी केली की बयाणा माफ, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. सवलत उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांना. जुलै 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. म्हणून आम्ही दिव्यांच्या निविदेत सवलत मागतो आणि टीसीएलच्या निविदेत मुकाट्याने बयाणा भरतो. जेम या केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलवर खातं काढून ठेवा, कार्यालयं तिथून खरेदी करतात. पण तिथे दराची रस्सीखेच अशी चालते की वाहतूक खर्च न धरता दर टाकणारा स्वतःच गाळात जातो.

सेवा विकणाऱ्यांसाठी एक जमेची बाजू आहे. साफसफाई किंवा पथदिव्यांची देखभाल, साहित्याशिवाय निव्वळ सेवा म्हणून ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला दिली आणि ती घटनेने त्यांना नेमून दिलेल्या कामांतली असेल, तर जीएसटी माफ आहे. साहित्य एकूण किमतीच्या 25 टक्क्यांपर्यंत असेल तरीही. मजुरांचे किमान वेतन, पीएफ, ईएसआय यांचं गणित मात्र आधी मांडा. त्याखाली दर टाकून काम घेणाऱ्याची फरफट मी बघितली आहे. महिना संपतो, कामगार दारात उभे आणि बिल अजून आरोग्य विभागाच्या टेबलावर.

आता पैशाचं. ग्रामपंचायतीचे वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि भाऊसाहेब या दोघांच्या डिजिटल सह्यांनी ऑनलाइन सुटतात. तुमचं नाव बँक खात्याशी तंतोतंत जुळतं का ते विक्रेता नोंदणीच्या वेळीच तपासा. कराराची किंमत कर सोडून अडीच लाखांच्या वर गेली की कार्यालय 2 टक्के जीएसटी टीडीएस कापतं. ती रक्कम बुडत नाही, पोर्टलवर स्वीकारली की रोख खातेवहीत जमा होते. कार्यालयाने विवरणपत्र भरलं नाही तर ती दिसतच नाही, म्हणून पुढच्या महिन्याच्या 10 तारखेनंतर आठवण करून द्यायची. कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. हे हत्यार खरं आहे. पण ज्या कार्यालयावर ते उगारलं तिथे पुढची ऑर्डर मिळेल अशी आशा ठेवू नका. मी आधी लेखी स्मरणपत्र देतो, आवक शिक्का घेतो आणि एक प्रत वरिष्ठांना. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

टक्केवारीचा विषय कोणीतरी काढणारच. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केली तरच बचाव. लाचलुचपत प्रतिबंधकचा टोल फ्री क्रमांक 1064. टक्केवारी धरून दर लावायला लागलात की प्रामाणिक कार्यालयात तुमचाच दर सगळ्यांत चढा ठरतो, हा व्यवहारी तोटा वेगळाच.

सुरक्षा ठेव आपोआप परत येत नाही. वॉरंटी संपली की दोष नसल्याचा दाखला घ्या, मूळ पावतीची प्रत जोडून अर्ज द्या, आणि त्या अर्जाच्या तुमच्या प्रतीवरही आवक शिक्का मारून घ्या. मुदतठेव कार्यालयाच्या नावे तारण असेल तर बँकेसाठीचं मुक्ततेचं पत्रही त्याच अर्जात मागा.