फक्त संख्या हवी असताना या चुका टाळा

आमच्या एका डॅशबोर्डवर प्रलंबित अर्जांची संख्या सलग तीन दिवस नेमकी १००० दिसत होती. रोज नवे अर्ज येत होते, जुने निकाली निघत होते, तरी आकडा जागचा हलत नव्हता. आम्ही एपीआयकडून (प्रोग्रामला सर्व्हरवरची माहिती देणाऱ्या दुव्याकडून) सगळ्या ओळी, म्हणजे अर्जांच्या नोंदी, मागवून आलेल्या यादीची लांबी मोजत होतो आणि सर्व्हरवर मात्र एका वेळी हजारच ओळी देण्याची मर्यादा घातलेली होती. ‘किती आल्या’ आणि ‘किती आहेत’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा प्रश्न एपीआयला स्वतंत्रपणेच विचारावा लागतो.

पोस्टग्रेस्टमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेससाठी एपीआय पुरवणाऱ्या साधनात) त्यासाठी मजकूर मागवणाऱ्या गेटऐवजी फक्त हेडर, म्हणजे उत्तरासोबतची माहिती, मागवणारी हेड विनंती करावी आणि विनंतीच्या प्रेफर हेडरमध्ये ‘काउंट=एक्झॅक्ट’ लिहावे. मग एकही ओळ न येता कंटेंट-रेंज हेडरमध्ये ‘०-९९९/४८१७’ असे काही मिळते. त्यातील तिरप्या रेघेनंतरचा आकडा आपला. तिथे तारांकन दिसले, तर मोजणी झालेलीच नाही, म्हणून प्रेफर हेडर नीट लिहिले आहे का आणि ते वाटेत गळून तर पडत नाही ना, हे आधी पाहावे. मोजणी झाली, पण एकूण ओळी दिलेल्या टप्प्यापेक्षा जास्त असल्या, तर उत्तराचा स्टेटस कोड (विनंतीचा निकाल सांगणारा क्रमांक) २०६ असू शकतो. केवळ २०० लाच यश मानणारा कोड इथे विनाकारण अडतो. शिवाय हेडच्या उत्तराला मजकूर नसल्याने त्रुटीचा संदेशही दिसत नाही, तेव्हा तीच विनंती एकदा गेटने करून पाहावी.

मोठ्या तक्त्यावर अचूक मोजणी प्रत्येक पानावर मागणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पोस्टग्रेस तयार बेरीज ठेवत नाही. कोणती ओळ कोणत्या व्यवहाराला (ट्रान्झॅक्शनला) दिसते हे तपासूनच त्याला मोजावे लागते. पानांच्या क्रमांकांसाठी ‘काउंट=एस्टिमेटेड’ बहुधा पुरते, कारण ते ठरावीक मर्यादेपर्यंत अचूक मोजते आणि त्यापुढे अंदाज देते; मात्र तो अंदाज हिशेबाच्या अहवालात कधीही छापू नये. (इलॅस्टिकसर्च या शोधाच्या साधनामध्येही एकूण १०,००० दिसले, तर सोबतचे ‘रिलेशन’ वाचावे, तिथे ‘जीटीई’ असेल, तर अर्थ ‘किमान दहा हजार’ असा होतो.)

संख्या शून्य आली आणि त्रुटी मात्र नाही, तर परवानग्या तपासाव्यात. ओळनिहाय सुरक्षा लागू असताना मोजणीत फक्त त्या वापरकर्त्याला दिसणाऱ्या ओळी धरल्या जातात, आणि ओळख पटवणारे टोकन न जोडता केलेल्या विनंतीला बहुतेकदा एकही ओळ दिसत नाही.