पाट्या पुसा, मग पृथ्वी बघा

२००६ साली केएफसीने अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात सुमारे ८७,५०० चौरस फुटांचं आपलं बोधचिन्ह जमिनीवर मांडलं. कशासाठी, तर ते आकाशातून दिसावं म्हणून. आज त्यासाठी वाळवंट लागत नाही. पैसे भरले की फोनवरच्या नकाशात दुकानाचा लोगो ठळक दिसतो. मला ही घुसखोरी मनापासून खटकते. आपल्याला बघायची असते जमीन, आणि नजर अडते पाट्यांवर.

म्हणून आधी पाट्या काढू. संगणकावर ‘गूगल अर्थ प्रो’ उतरवून घ्या, ते मोफत आहे. डावीकडे खाली ‘लेअर्स’ची यादी दिसेल. तिथल्या ‘प्रायमरी डेटाबेस’समोरची खूण काढली की हॉटेलं, दुकानं, रस्ते, सीमा, सगळी नावं जातात. मग एकट्या ‘टेरेन’वर खूण करा, म्हणजे डोंगरांना उंची येते.

आता लोणार शोधा. बुलढाणा जिल्ह्यातलं हे उल्काघाताचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. वरच्या पट्टीतल्या घड्याळाच्या चित्रावर क्लिक करून सरकपट्टी मागे ओढा, म्हणजे त्याच जागेची जुनी छायाचित्रं दिसतील. सरोवराचा काठ कुठे पुढे आलाय, कुठे मागे गेलाय, ते सावकाश बघा. घाई करू नका.

याहून ताजी छायाचित्रं हवीत, तर ‘कोपर्निकस ब्राउझर’ हे संकेतस्थळ उघडा. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतात. इथे जाहिरात नाही आणि नुसतं बघायला खातंही लागत नाही. एक ठिपका म्हणजे दहा मीटर, त्यामुळे घर ओळखू येणार नाही, पण शेत, तलाव, जंगल नीट कळतं. छायाचित्रात किती ढग चालतील, ती मर्यादा कमी ठेवा; पावसाळ्यात बहुतेक वेळा पांढरंच दिसतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. लोणारसाठी मात्र मे-जून २०२० च्या तारखा चाळा. तेव्हा सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासल्यावर कारण निघालं मीठप्रेमी सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया. ‘फॉल्स कलर’ हा खऱ्याऐवजी वेगळे रंग दाखवणारा पर्याय निवडलात तर विवराच्या उतारावरची झाडी लालभडक दिसेल.

फोनवर बघत असाल तर नकाशाच्या ॲपची लोकेशनची परवानगी बंद करा आणि गूगल खात्यातल्या वैयक्तिक जाहिरातीही. लोगो राहतील, पण तुमच्या मागावरच्या जाहिराती कमी होतील.

शेवटी आपलं गाव शोधा, नाव न टाइप करता. जवळच्या नदीपासून सुरुवात करा आणि वळणं मोजत वर सरका.